गेटाबाहेरची चूल

आमच्या कॉलनीला गेट बसलं ते बिबट्यामुळे. बाहेरगावचा माणूस हे ऐकून हसतो. पण चंद्रपुरात, त्यातही आमच्यासारख्या जंगलाला पाठ लावून बसलेल्या वस्तीत, यात हसण्यासारखं काही नाही. कॉलनीतल्या एका डॉक्टरांच्या भिंतीवरून बिबट्या आत उतरला, पोर्चमध्ये झोपलेला त्यांचा पांढरा केसाळ कुत्रा उचलला आणि आला तसा गेला. सगळं कॅमेऱ्यात दिसलं. दुसऱ्याच दिवशी मीटिंग भरली आणि ठरलं की कॉलनीला चहूकडून उंच भिंत आणि समोर मोठं लोखंडी गेट पाहिजे. आता बिबट्या भिंतीवरूनच आला होता. तो काही रस्त्यानं चालत, कोणाला पत्ता विचारत आला नव्हता. पण भरल्या मीटिंगमध्ये हे कोणालाच सुचलं नाही. सगळे फार घाबरले होते. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

आधी ही कॉलनी काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या ह्यांनी इथं प्लॉट घेतला तेव्हा सगळं झुडपी रान होतं. हे वीज केंद्रात नोकरीला. आजूबाजूला सगळे तसेच. कोणी कोळसा खाणीत, कोणी बँकेत, कोणी कॉलेजात शिकवणारे. पगार थोडे मागेपुढे, पण जगणं एकसारखं. साऱ्यांच्या घराला एकाच मिस्त्रीचा हात, साऱ्यांच्या खिडकीला एकाच वेल्डरनं बनवलेला कूलर. मे महिन्यात पाणी कमी आलं की ज्याच्या टाकीत असेल त्याच्याकडून दुसऱ्याच्या कूलरला बादली जायची. कूलर बंद पडला तर बाई पोरं घेऊन शेजारच्या घरात दुपार काढायची, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बौद्ध, शेजारी कुणबी, पलीकडे तेली, समोर एक तेलुगू घर. बोलणारे मागून बोलत असतील. पण पाण्याच्या बादलीनं कधी जात विचारली नाही, एवढं मी पाहिलं आहे.

मग पोरं शिकली. शिकली म्हणजे गेलीच. कोणाचा पोरगा पुण्याला, कोणाची मुलगी हैदराबादला, एक तर पार कॅनडात. आईबाप थकले, काही वारले, काही पोरांकडे गेले, घरं विकली गेली. घेणारे कोण? कोळशाच्या ट्रकांचे मालक. खाली दवाखाना आणि वर घर असं बांधणारे डॉक्टर. गिट्टीच्या क्रशरवाले. आलापल्लीकडचे रस्ते बांधणारा एक ठेकेदार. तीन-तीन प्लॉट मिळून एक बंगला उभा राहू लागला. माणसं वाईट नाहीत हो. माझा पाय मुरगळला तेव्हा ठेकेदाराच्या बायकोनं स्वतःच्या गाडीतून मला दवाखान्यात नेलं, आठवडाभर डबा दिला. पण पेन्शनीत बसणारी कॉलनी हळूहळू पेन्शनीबाहेर गेली, हे खरं. जुन्यांपैकी आता चार घरं उरली आहेत आणि त्यातल्या दोन घरांना कुलूप आहे.

हे गेले आणि मी एकटी राहिले. मुलगा बंगळुरूला. तो म्हणतो, इकडे ये. मी दोनदा जाऊन आले. बाराव्या मजल्यावरून खाली पाहिलं की मला मळमळतं. मग त्यानं दुसरा उपाय काढला. पोर्चमध्ये कॅमेरा लावला, त्याच्या मोबाइलवर दिसतो तसा. आणि गेटवर ते नवीन ॲप आलं तेव्हा आमच्या घरापुढे स्वतःचा नंबर दिला, कारण माझा फोन बटणांचा. कोणी आलं की चौकीदार यंत्रात टाकणार, यंत्र बंगळुरूला विचारणार, बंगळुरूनं हो म्हटलं की माणूस माझ्या दारात.

प्रेमापोटी केलं त्यानं. मला ते कळतं. पण एकेक माणूस कमी होत गेला. दहीवाली गेली. मासोळीवाली गेली. जुन्या घरांतून भाकरी-भाजी मागून नेणारी एक म्हातारी होती, ती गेली. दुपारी गच्चीवर मूगवड्या घालायला गेले की फोन. "आई, उन्हात काय करतेस?" फाटकाशी कोणाशी बोलत उभी राहिले की फोन. "आई, कोण होतं ते?" एकदा मी कॅमेऱ्याकडे पाठ करून पोर्चमध्ये खुर्ची टाकली, तर फोन. "आई, तू रडतेयस का?" मी शेंगा सोलत होते.

घराची फाटकंही एकरंगी झाली. आमचं फाटक ह्यांनी हौसेनं निळं रंगवलेलं होतं. कमिटीनं सगळ्यांची फाटकं राखाडी करून टाकली, आमचंही केलं. बरं दिसतं म्हणाले. दिसत असेल.

आता बाईचं सांगते. बाई म्हणजे माझी मोठी नणंद, ह्यांची थोरली बहीण. ती मुलचेऱ्याकडच्या खेड्यात राहते, धानाची शेती आहे. दर ऑक्टोबरात इथं चंद्रपूरला दीक्षाभूमीवर सोहळा असतो. त्याला ती गावच्या बायामाणसांना घेऊन येते आणि उतरते आमच्या घरी. आमचं घर बांधून झालं त्या वर्षीपासून. टेम्पो आष्टीचा पूल ओलांडून सकाळी निघाला की दुपारच्या आत आमच्या दारी. पांढरी लुगडी, गाठोडी, लाखोळीची डाळ, सुकी मासोळी, आणि हलका, म्हणजे लवकर येणारा धान निघाला असला तर त्याचे पोहे.

आणि एक रीत होती. ही रीत कोणी घातली माहीत नाही, बहुतेक बाईनंच. पाहुणे येतील त्या दिवशी घरातली चूल पेटवायची नाही. अंगणात तीन विटा मांडायच्या, बाईनं आणलेल्या तांदळाचा भात त्यावर शिजवायचा, आणि तो पहिला वाढायचा घरच्यांना, मग पाहुण्यांनी खायचा. बाई म्हणायची, "भाऊ शहरात राह्यते त काय झालं, सालातून एक दिवस त्यानं आपल्या वावरातलं खाल्लं पायजे." हे असताना ऑफिसला रजा टाकून घरी बसायचे. साहेब येऊ दे नाहीतर कोणी येऊ दे.

हे गेल्यावरही बाई आली. पहिल्या वर्षी आली, दुसऱ्या वर्षी आली. तेव्हा गेट नव्हतं. मला वाटलं, चला, ही एक गोष्ट शाबूत राहिली.

गेल्या वर्षी गेट झाल्यानंतरचा पहिला ऑक्टोबर. मी सकाळीच अंगण झाडलं, विटा धुतल्या, जळण काढून ठेवलं. गॅस पेटवला नाही. चहासुद्धा शेजारून आला तो घेतला. मग बसले. दुपार झाली. ऊन कलंडलं. म्हटलं, टेम्पो पंक्चर झाला असेल. आष्टीजवळ रस्ता खणलेला आहे, उशीर झाला असेल. भाच्याला, म्हणजे बाईच्या मुलाला, फोन लावला तर लागेना. संध्याकाळ झाली. विटा तशाच. मी काही खाल्लं नाही. हट्टानं नाही, खायचं सुचलंच नाही.

दिवेलागणीला भाच्याचा फोन आला. मागे माणसांचा गलका, भोंगा.

"मामी, आमी ग्राउंडवरच हाओ. पेंडालातच राह्यतो. तू जेवून घे."

"अरे पण घरी काऊन नाई आले?"

"आलो होतो, मामी. मंग बोलतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

आलो होतो! मी त्या शब्दावर सारी रात्र काढली.

सकाळी ऑटो करून दीक्षाभूमीवर गेले. त्या दोन दिवसांत तिथं पांढऱ्या कपड्यांचा नुसता पूर असतो. पुस्तकांची दुकानं, पाण्याच्या टाक्या, लेकरं हरवल्याच्या सूचना. बाई कुठं बसते ते मला माहीत होतं म्हणून सापडली. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, चटईवर, काठी मांडीवर आडवी. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"जयभीम, बाई," मी म्हटलं.

"जयभीम. कायले आली व वयनी? फोटो काढला का तुहा गेटवर, निंगतानी?"

भाच्यानं तंबाखूचा खर्रा तोंडातून थुंकला आणि हळूच सगळं सांगितलं. गेटवर चौकीदार नवा होता. ते लोक एजन्सीतून येतात, महिन्याला बदलतात. त्यानं विचारलं, कोणाकडे जायचं? बाई म्हणाली, निळ्या फाटकात. तो म्हणाला, इथं निळं फाटक नाही. बाई म्हणाली, "तू नवा हायेस बापा, मी तुह्या आंगोदरपासून येऊन राह्यलो." भाच्यानं मामाचं नाव सांगितलं तेव्हा घर सापडलं. चौकीदारानं टेम्पोचा फोटो काढला आणि यंत्रात घातलं, टेम्पो, अकरा माणसं. थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, वरून नाही आलं.

"मी म्हनलं," बाई आता माझ्याकडे वळली, "वरून म्हंजे कोन? वर त माहा भाऊ गेला. थो मले नाई म्हनन का?"

"बाई, मले माहीतच नव्हतं. मी दिवसभर तिथीच बसून होतो."

"तुले माहीत नव्हतं?"

"नाई."

"तुह्या घरी कोन आलं, कोन परत गेलं, हे तुलेच माहीत नसते, त मंग तू तिथी राह्यते कायले?"

मी चटईच्या काडीशी चाळा करत बसले. भाचा म्हणाला, मी तुला फोन लावत होतो, पण आईनं लावू दिला नाही. बाई म्हणाली, "भावाच्या घरी जाले फोन लावाचा? उद्या मले म्हनाल, चिट्ठी आन."

मग मीच भाच्याच्या फोनवरून मुलाला फोन लावायला सांगितलं. मुलाला काही ठाऊकच नव्हतं. आत्याचं नाव ऐकताच तो घाईघाईनं बोलू लागला. भाच्यानं आवाज मोठा करून फोन बाईच्या हातात दिला होता.

"आत्या, अगं मी मीटिंगमध्ये होतो. टेम्पो, अकरा माणसं एवढंच आलं. मला वाटलं वर्गणीवाले असतील, म्हणून मी... आत्या, सॉरी. तुम्ही आत्ता जा, मी लगेच ॲप्रूव्ह करतो."

बाईनं फोन कानापासून लांब धरला. "काय करतो म्हणते?"

"परवानगी देतो म्हणते," भाचा म्हणाला.

"कोनाले?"

"तुले."

"कशाची?"

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "मामाच्या घरात जाची."

बाई फोनमध्ये ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बापू, तुह्या बापानं त्या जागेवर पयली कुदळ मारली ना, तवा त्याले पानी देवाले मी होतो तिथी. तू नव्हता. नीट राह्य. जेवत जाय वेळेवर." आणि फोन भाच्याकडे दिला.

मी विनवण्या केल्या. आता चला, मी स्वतः गेटवर उभी राहते, म्हटलं. बाई हलेना. मी रडायला लागले. आजूबाजूच्या गावच्या बाया दुसरीकडे पाहू लागल्या. बाईला रडणं आवडत नाही. तिनं विषय बदलावा तसं विचारलं, "काल काय खाल्लं?"

"काही नाई."

"काऊन?"

"चूल कुठी पेटली? तुमी आलेच नाई."

तिनं काठी आपटली. "या वयात उपाशी राह्यते! चक्कर येऊन पडली अस्ती म्हंजे? थो कॅमेरा येनार होता तुले उचलाले?" आणि पोराला म्हणाली, "टेम्पो काढ रे. तांदूळ घे. भाताचा गंज घे." मी उठले तशी तिनं बोट दाखवलं. "भात मी घालीन तुले. पन त्या गेटाच्या आत मी पाय ठेवत नाई. सांगून ठेवतो."

असे आम्ही निघालो.

गेटाच्या बाहेर, भिंतीला लागून, कडुनिंबाखाली थोडी मोकळी जागा आहे. तिथं टेम्पो थांबला. बायांनी भराभर उतरून जागा झाडली. विटा माझ्याच अंगणातून आणायच्या म्हणून मी आत गेले. धुतलेल्या होत्याच. पहिल्या खेपेला दोन आणल्या, दुसऱ्या खेपेला तिसरी. चौकीदार पाहत होता. बाई म्हणाली, "त्यालेबी आन."

"कोणाले?"

"माह्या भावाले. घरचा मानूस पयले जेवते ना."

मी परत आत गेले. स्टुलावर चढून ह्यांचा फोटो भिंतीवरून काढला, पदरानं पुसला आणि छातीशी धरून बाहेर निघाले. गेटवर चौकीदारानं अडवलं. बिचारा ओशाळला होता कालच्या प्रकारानं, पण काम म्हणजे काम.

"काकू, सामान बाहेर नेत असाल तर एंट्री करावी लागते. साहेबांना विचारावं लागते."

"हे सामान नाही," मी म्हटलं. "घरमालक आहेत."

त्यानं फोटोकडे पाहिलं, आणि बाजूला झाला.

भात रटरटायला लागला. लाखोळीचं वरण, सुकी मासोळी तव्यावर. वास गेटावरून आत गेला असणार. ठेकेदाराच्या बायकोची गाडी आली, काच खाली झाली.

"काकू? इथं रस्त्यावर काय? अहो, सगळ्यांना घेऊन आत या ना. मी सांगते गेटवर."

मनापासून म्हणाली ती. बाईनं मला विचारलं, "ही कोन?"

"शेजारीन हाये."

"काय म्हणते?"

"आत या म्हणते."

"चांगली हाये," बाई म्हणाली. "तिले म्हन, बस खाली, भात खा. ताट हाये." मी तसं सांगितलं. ती हसली, गडबडली, घड्याळाकडे पाहिलं, नंतर येते म्हणाली आणि गाडी आत गेली. गेट उघडलं, लागलं. आम्ही जेवत असताना अशा बऱ्याच गाड्या गेल्या. कोणी पाहिलं, कोणी फोनवर होतं. जुन्यांपैकी उरलेल्या दुसऱ्या घरातले प्राध्यापक तेवढे चालत आले, कडुनिंबाच्या मुळावर बसले आणि ताट मागून घेतलं. त्यांच्या मुलीनं वरून गॅलरीतून हाक मारली तर म्हणाले, "येतो गं, जेवतोय."

पहिला घास फोटोपुढे ठेवला. दुसरं ताट माझं. बाईनं स्वतः वाढलं, आणि मी खाल्ल्याशिवाय तिनं आपल्या पानाला हात लावला नाही. मी त्या भिंतीला बाहेरून टेकून बसले होते. इतकी वर्षं त्या जागेवर राहिले, पण बाहेरून ती भिंत केवढी उंच दिसते ते मला तोवर माहीत नव्हतं. आतून ती आपली ओळखीची वाटते, गच्चीवर गेलं की खुजी वाटते.

मी बाईला म्हटलं, "मले घेऊन चाल तुह्यासंग. आठ दिवस राह्यतो."

"चाल ना," ती लगेच म्हणाली. मग थोडा वेळ गंज घासत राहिली. "पन मंग घर?"

"राह्यते घर."

"तुह्या पोराले वाटन, बुडी रुसून गेली. थो नोकरी सोडून धावत येईन, आनिक मले म्हनन, आत्यानं नेली. आनिक तुहं औषध, शुगरचं, कुठी भेटते आमच्या गावात? पावसात त एस.टी.बी येत नाई." तिनं निखारे विझवले. "तू राह्य इथी. त्याच्या बापाचं घर हाये. तू गेली त त्या घराले कोनी नाई."

म्हणजे तीही मला आतच ठेवत होती. तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

टेम्पोत चढताना तिला दोघींनी धरून वर घेतलं. वरून ती म्हणाली, "पुढच्या साली राह्यलो त येईन. इथपर्यंत. तू तयार राहजो."

"आत नाई येनार?"

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही हे टेम्पोच्या धक्क्यात मला कळलं नाही. पण मी तिला ओळखते. ती नाहीच होती.

टेम्पो गेला. मी विटांवर पाणी टाकलं, फोटो उचलला, डब्यात माझ्यासाठी ठेवलेला भात उचलला. चौकीदारानं गेटाची दोन्ही दारं पूर्ण उघडली, जणू काही मोठी गाडी आत जायची आहे. मी मधून चालत गेले. आत जाताना मला कोणी काही विचारलं नाही, कोणाची परवानगी लागली नाही.

घरी येऊन स्टुलावर चढले, फोटो खिळ्याला लावला. थोडा तिरपा लागला. उतरते न उतरते तोच फोन वाजला.

"आई, घरी पोचलीस?"

"पोचले."

"आत्या आली का शेवटी आत? काय म्हणाली?"

"जेवत जा म्हणाली वेळेवर."

त्याचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी चूक झाली की यायचा तसाच. मग म्हणाला, "आई, तू पोर्चमध्ये दिसली नाहीस बराच वेळ, म्हणून... दार लावलंस ना नीट?"

"लावलं."

"आणि गेट?"

"तेही लागलं, बाबा," मी म्हटलं. "मी आत आले तसंच लागलं."